प्रेम आणि ताठ कणा

शाळेच्या वार्तापत्रात प्रेमाविषयी कशाला लिहायचे, असे काही पालकांना वाटेल. परंतु नववी-दहावीच्या मुलामुलींच्या मनात हा विषय असतोच. आपण बोललो नाही तर चित्रपट बोलतात, आणि तिथे करारी मुलगी प्रेमात पडली की दुसऱ्याच गाण्यात मवाळ होते. म्हणून आम्ही एक खरे उदाहरण देत आहोत.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. त्यामुळे सुनीता देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ (१९९०) आम्ही शिक्षकी पेशात आल्यावरच वाचले. नल्लकुंट्यातील मराठी घरांत पु.लं.ना सगळे ओळखतात, सुनीताबाईंना त्या मानाने कमी. रत्नागिरीच्या ठाकूरांची ही मुलगी १९४२ च्या चळवळीत उतरली होती. लग्नाचे बंधन तिला अनावश्यक वाटे. पु.लं.साठी तिने ते मान्य केले, पण आपल्या पद्धतीने. १२ जून १९४६ रोजी रत्नागिरीत नोंदणी विवाह झाला. अर्जाचे आठ आणे, एवढाच खर्च!

प्रेमाने त्या बदलल्या का? बदलल्या. तोच करारीपणा त्यांनी पु.लं.चे लेखन, हिशेब आणि देणग्यांचे व्यवहार सांभाळण्यात लावला. मात्र त्यांचे स्वतःचे हे पुस्तक यायला साठी उलटावी लागली. त्यात त्यांनी पतीचे दोष झाकले नाहीत आणि स्वतःचेही नाहीत. पु.ल. तेव्हा हयात होते, हे विशेष.

प्रेमात माणूस दुसऱ्यासाठी वाकतो, त्यात कमीपणा नाही. पण वाकणे एकाच बाजूने होत असेल तर त्याची किंमतही एकालाच मोजावी लागते. आमच्या माजी विद्यार्थिनी भेटतात. कुणाचे गाणे सुटलेले असते, कुणाची नोकरी. “काय सोडलेस?” हा प्रश्न माजी विद्यार्थ्यांना विचारण्याची वेळ आमच्यावर क्वचितच येते.

मुलींनो, प्रेम अवश्य करा, पण आपली वही मिटू नका. मुलांनो, घरातले निम्मे काम आत्ताच शिकून घ्या. पालकहो, मुलगी ठामपणे बोलली तर “सासरी कसे होईल?” असे म्हणून तिला गप्प करू नका. आणि विश्वस्त मंडळास विनंती, या पुस्तकाच्या दोन प्रती ग्रंथालयात घ्याव्यात. एक मुलींसाठी आणि एक मुलांसाठी.