आधी मजकूर, मग फोटो

“इथं रेंज नाही गं बाय. त्या वळणावर जा, फणसाखाली. तिथं एक कांडी येते.”

कणकुंबीतल्या चहाच्या टपरीवरच्या मावशींनी हे सांगितलं तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. सहा वाजेपर्यंत बातमी बेंगळुरूला पोचायला हवी होती. बाहेर पाऊस असा, की फणस आहे की आंबा तेही नीट दिसत नव्हतं.

बातमी माझी नव्हती, मैत्रिणीची होती. मी इथे बेंगळुरूत कंटेंट रायटर आहे. माझं नेट गेलं तर फार तर एखादा लेख उद्यावर जातो. मैत्रीण मात्र एका इंग्रजी न्यूज वेबसाइटची बातमीदार आहे. बेळगावहून चोर्ल्याच्या रस्त्याने गेलं की खानापूर तालुक्यातलं कणकुंबी लागतं. मलप्रभा नदी इथे उगम पावते. म्हादईच्या पाण्यावरून कर्नाटक आणि गोव्यात जो वाद चालू आहे, त्यातला कळसा कालवाही इथलाच. तिला गावकऱ्यांशी बोलायचं होतं. गावात मराठी बोलतात आणि तिला मराठी येत नाही, म्हणून दुभाषी म्हणून मी सोबत.

फणसाखाली खरंच एक कांडी आली. तिने घाईघाईने आधी सहा फोटो पाठवायला लावले. स्क्रीनवर चक्र फिरत राहिलं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. बॅटरी उतरत होती, फोटो तिथेच. तेवढ्यात मला माझ्या मामांचं एक वाक्य आठवलं. ते म्हणतात, “आधी मजकूर, मग फोटो. घरात पाणी शिरलं की आधी माणसं बाहेर काढतात, कपाट नाही.”

आम्ही फोटो थांबवले आणि फक्त मजकूर पाठवला. दोन सेकंदांत गेला. साधा हिशेब आहे. सहाशे शब्दांची इंग्रजी बातमी म्हणजे साधारण ४ केबी. तिचे सहा फोटो मिळून २४ एमबी, म्हणजे बातमीच्या सहा हजार पट. एका कांडीवर आम्ही हत्ती ढकलत होतो. ऑफिसने जुना फोटो लावून बातमी चालवली. नवे फोटो रात्री बेळगावात पोचल्यावर गेले.

एसटीच्या कंडक्टरच्या हातची बातमी

माझे मामा चंदगड तालुक्यातले. चंदगड म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याचं टोक, बेळगावला चिकटलेलं. शेती आणि पिठाची गिरणी सांभाळून गेली तीसेक वर्षं ते कोल्हापूरच्या एका दैनिकाचे वार्ताहर आहेत. “मिळणाऱ्या मानधनात पेट्रोलसुद्धा भागत नाही,” असं मामी दर दिवाळीला सांगतात.

मामांनी सुरुवात केली तेव्हा बातमी एसटीने जायची. खाकी पाकीट, त्यावर ‘बातमी – तातडीचे’ असं लिहिलेलं. संध्याकाळच्या कोल्हापूर गाडीच्या कंडक्टरच्या हातात ते द्यायचं. कोल्हापूरच्या स्टँडवर पेपरचा माणूस येऊन पाकीट घेऊन जायचा. गाडी गडहिंग्लजला बंद पडली तर बातमी तिथेच शिळी व्हायची. पाकीट पोचलं की नाही, हे दुसऱ्या दिवशी पेपर उघडल्यावरच कळायचं.

फारच तातडीचं असलं तर तार होती. तारेला शब्दागणिक पैसे पडत. वर्तमानपत्रांच्या तारांना सवलतीचा दर असायचा, तरी लिहिणारा प्रत्येक शब्द तोलूनच लिहायचा. भारतातली ही तारसेवा १४ जुलै २०१३ च्या रात्री बंद झाली. आपल्या घरातल्या आजी-आजोबांना तार म्हटलं की पोटात गोळा येतो, कारण घरी येणारी तार बहुतेक वाईट बातमीचीच असे.

मग एसटीडी बूथ आणि फॅक्स आले. मामा मोटारसायकलवरून बेळगावला जायचे. फॅक्सचे पैसे पानावर, म्हणून अक्षर बारीक. रात्री उशिरा एसटीडीचे दर उतरायचे, म्हणून कमी घाईची बातमी तेव्हा. बूथवाल्याची आणि मामांची इतकी ओळख झाली, की शटर ओढून झाल्यावरही तो मामांसाठी अर्धं उघडं ठेवायचा.

बेंगळुरूची कॉफी आणि मराठीचे चौकोन

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, बेंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर कॅफे कॉफी डेचं पहिलं दुकान उघडलं. ते सायबर कॅफे म्हणूनच. कॉफी प्या आणि नेट वापरा. आज कॅफेत लॅपटॉप उघडून बसलेली आम्ही मंडळी या सवयीचं श्रेय नव्या पिढीला देतो. पण ती सवय या शहराला माझ्या जन्माच्या आधीपासून आहे.

चंदगडकडे सायबर कॅफे पोचायला बराच वेळ लागला, आणि पोचल्यावर वेगळीच अडचण आली. मामा बातमी मराठीत टाइप करून ईमेल करायचे आणि पलीकडे ती उघडली की नुसते चौकोन आणि इंग्रजी चिन्हं. कारण तेव्हा मराठीचे फॉन्ट एकमेकांशी जुळत नसत. इथे श्रीलिपी आणि तिथे दुसरं काही असलं की मजकुराचा चिवडा. त्यामुळे नेट हाताशी असूनही मामा कितीतरी दिवस कागदावर लिहून तो कागद स्कॅन करून पाठवत. पुढे युनिकोड आलं. प्रत्येक अक्षराला सगळ्या कॉम्प्युटरवर एकच क्रमांक ठरला, म्हणून आज मी बेंगळुरूत टाइप केलेला ‘ळ’ तुमच्या फोनवर ‘ळ’च दिसतो.

सत्तर अक्षरांची बातमी

ऑगस्ट २०१९. मी तेव्हा बीएच्या वर्गात होते. नागपंचमी ५ तारखेला होती. आईला सुट्टी मिळाली नाही, म्हणून आम्ही दोघी रात्रीच्या गाडीने निघून ६ तारखेला सकाळी बेळगावात उतरलो. तिथून कोवाडवरून मामांच्या गावी जायचं. कोवाड म्हणजे ‘स्वामी’कार रणजित देसाई यांचं गाव, ताम्रपर्णीच्या काठावरचं.

त्या आठवड्यात कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव भागात काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. कोल्हापूरजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर पाणी आलं आणि तो कित्येक दिवस बंद राहिला. मामांच्या गावात वीज गेली होती. फोन लागत नव्हता. आई बेळगाव स्टँडवर उभी राहून पुन्हा पुन्हा नंबर फिरवत होती. “एक वडाप निघालंय, जाऊया का?” असं ती मला विचारत होती, तेवढ्यात तिच्या फोनवर मेसेज वाजला.

“कोवाडात ताम्रपर्णीचं पाणी. रस्ता बंद. बेळगावातच थांबा.”

मामांनी तो पाऊण तासापूर्वी पाठवला होता. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर फोन चार्ज करून, पावसात गावामागच्या सड्यावर चढून. आम्ही शहापूरला मावशीकडे गेलो आणि पुढचे चार दिवस तिथेच राहिलो. त्या वडापात बसलो असतो तर काय झालं असतं, हे आई अजूनही बोलत नाही.

सड्यावरून मामांनी तसेच आणखी दोन मेसेज पेपरच्या डेस्कला पाठवले. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळी आल्या. नाव नाही, फोटो नाही. कोणता रस्ता बंद, कुठे पाणी, एवढंच.

मी नंतर मामांना विचारलं, व्हॉट्सॲप का नाही केलं? त्यांचं उत्तर मला तेव्हा कळलं नव्हतं, आता कळतं. व्हॉट्सॲपला नेट लागतं. साधा एसएमएस नेटशिवाय जातो. टॉवर आणि फोन एकमेकांना ओळख दाखवायला जी छोटी वाट वापरतात, तिच्यातून तो सरकतो. समोरच्याचा फोन बंद असेल किंवा रेंजबाहेर असेल, तर मेसेज कंपनीच्या केंद्रात थांबतो आणि रेंज आली की पोचतो. कॉलला दोन्ही फोन एकाच वेळी रेंजमध्ये लागतात, एसएमएसला लागत नाहीत.

पण एक गोम आहे. इंग्रजीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, मराठीत फक्त ७०. आणि काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरातला हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं. ‘ताम्रपर्णीचं’ हा शब्द डोळ्याला पाच अक्षरांचा दिसतो, फोन तो बारा मोजतो. मामांचा तो मेसेज मी नंतर मोजला. जागा आणि पूर्णविराम धरून ५४. ज्यांनी तारेचे शब्द मोजले, त्यांना हे शिकवावं लागलं नाही.

त्याच दिवशी श्रीनगरमध्ये

योगायोग असा, की त्याच ५ ऑगस्टला देशाच्या दुसऱ्या टोकाला, काश्मीरमध्ये इंटरनेट आणि फोन बंद केले गेले होते. तिथे पाऊस नव्हता, सरकारी आदेश होता. श्रीनगरमध्ये प्रशासनाने पत्रकारांसाठी एक केंद्र उघडलं. नेट असलेले मोजके कॉम्प्युटर आणि पुढे पत्रकारांची रांग. काहींनी बातम्या आणि फोटो पेन ड्राइव्हमध्ये भरून दिल्लीला विमानाने निघालेल्या प्रवाशांच्या हातात दिले.

म्हणजे पुन्हा एसटीच्या कंडक्टरच्या हातचं पाकीटच की!

‘काश्मीर टाइम्स’च्या संपादक अनुराधा भसीन या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १० जानेवारी २०२० च्या निकालात न्यायालयाने सांगितलं, की इंटरनेटवरून मत मांडण्याच्या स्वातंत्र्याला राज्यघटनेचं संरक्षण आहे आणि नेट बेमुदत बंद ठेवता येणार नाही. बंदीचे आदेश लोकांसमोर यायला हवेत, असंही म्हटलं. आपल्याला नेट म्हणजे रील्स आणि ऑनलाइन ऑर्डर वाटतं. कुणासाठी तरी ते ‘पोचलो, सुखरूप आहे’ एवढं कळवण्याचं साधन असतं.

तुमच्याही कामाला येईल असं

बातमीदार नसलात तरी प्रवासात घरच्यांना काही कळवायची वेळ कुणावरही येते. मामांकडून आणि मैत्रिणीकडून शिकलेल्या या काही गोष्टी:

• आधी मजकूर, मग फोटो. फोटो पाठवायचाच तर एकच, आणि लहान करून.

• मजकूर फोनच्या नोट्समध्ये लिहा. वेबसाइटच्या पानात थेट लिहिलात आणि नेट तुटलं, तर सगळं जातं.

• सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पहिल्या वाक्यात. बाकीचं गेलं नाही तरी चालेल, असं लिहा.

• घाटात किंवा जंगलात शिरण्याआधी एक मेसेज करून ठेवा: कुठे आहोत, पुन्हा रेंज कधी येईल.

• रेंज नसेल तर उंच, मोकळ्या जागी जा. टॉवर आणि फोन यांच्यामध्ये डोंगर नको. आणि गर्दीत, जत्रेत फुल रेंज दिसूनही नेट चालत नसेल तर थोडं दूर जाऊन बघा. टॉवर एकच असतो, वाटेकरी हजारो.

• रेल्वे स्टेशन लक्षात ठेवा. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला मोफत वायफाय सुरू झालं आणि आज देशभरातल्या सहा हजारांहून जास्त स्टेशनांवर ते आहे. दिवसाला पहिली ३० मिनिटं फुकट. पण त्यासाठी मोबाइलवर ओटीपी यावा लागतो, म्हणजे थोडी तरी रेंज हवीच.

• डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या ‘पीएम-वाणी’ योजनेत किराणा दुकानदार किंवा चहावालाही वायफाय देऊ शकतो. दुकानावर पाटी दिसली तर विचारा.

• सार्वजनिक वायफायवर बँकेचे व्यवहार करू नका. बातमी पाठवा, पैसे नको.

आणि शेवटची गोष्ट. कुणाच्या हॉटस्पॉटवर किंवा घरच्या वायफायवर काम केलंत, तर निदान दोन चहा तरी विकत घ्या. कणकुंबीच्या मावशींकडे आम्ही चहा तर घेतलाच, वर गरम भजीही. पैसे देताना त्यांनी विचारलं, “गेलं का गं तुमचं काम?”

“गेलं मावशी, फणसाखालून गेलं.”

“जायचंच. माझा लेक गोव्याला कामाला असतो. त्याला फोन करायला मीपण तिथंच उभी राहते.”

त्या रात्री बेळगावला पोचल्यावर मी मामांना फोन केला. सगळं ऐकून त्यांनी फक्त एकच विचारलं, “पोचल्याचं ऑफिसकडून कळलं का? नुसतं पाठवलं म्हणजे झालं नाही, पोरी.” मी मैत्रिणीकडे बघितलं. तिने फोन तपासला. उत्तर आलेलं होतं.

तुमच्या घरातही कुणीतरी असेल, ज्यांनी तार केली असेल, ट्रंक कॉलसाठी तासन् तास वाट बघितली असेल किंवा एसटीतून पाकीट धाडलं असेल. या रविवारी त्यांना विचारा, की सगळ्यात तातडीचा निरोप त्यांनी कसा पोचवला होता. आणि विचारताना फोन जरा बाजूला ठेवा.