फसवलं, पण सांगून!

मैत्रिणींनो, ऑर्सन वेल्सचा १९७३ मधला ‘एफ फॉर फेक’ हा माहितीपट परवा आम्ही पाचसहा जणींनी यवतमाळला घरीच पाहिला. सुरुवातीलाच वेल्स शब्द देतो, पुढचा तासभर सगळं खरं सांगीन. मग नकली चित्रं खपवणारा एल्मिर द होरी, मग पिकासोची एक झकास भानगड. आणि शेवटी कबुली: तास केव्हाच संपला, गेली १७ मिनिटं मी थापा मारतोय!

जाऊबाईंना हसू आवरेना. शेजारच्या काकू मात्र भडकल्या. मी वेल्सची बाजू घेतली. त्यानं निदान आधी मुदत सांगितली होती. नागपुरात चित्रकला शिकलेले सय्यद हैदर रझा २००९ मध्ये दिल्लीत स्वतःच्याच चित्रांच्या प्रदर्शनाला गेले, तर भिंतीवर त्यांच्या नावाची बरीचशी नकली चित्रं! तिथं कसली मुदत?

“चित्र काढून ठेवता येते बाई,” काकू म्हणाल्या. “आमची बीटीची बॅग बोगस निघाली, तवा पऱ्हाटी उगवलीच नाही. दुबार पेरणीसाठी पाटल्या गहाण पडल्या. थापा मारल्या म्हणून सांगाले आलं का कोणी?”

वेल्सची बाजू मी अजूनही सोडलेली नाही. पण काकूंपुढं ती मांडताना जीभ अडखळते.