विश्लेषण : एका ग्रीक शब्दाने युरोपात धर्मसुधारणा कशी पेटली?

शालेय पुस्तकांत हा इतिहास सरळ रेषेत येतो. आधी इटलीत प्रबोधन, मग जर्मनीत छापखाना, मग मार्टिन ल्यूथर आणि चर्चमधील फूट. परीक्षेपुरते हे ठीक. पण या टप्प्यांना जोडणारा धागा त्यात हरवतो. तो धागा म्हणजे मूळ मजकूर स्वतः तपासण्याची सवय.

प्रबोधनाने नेमके काय दिले?

चित्रे, शिल्पे आणि घुमट दिलेच. शिवाय जुन्या कागदपत्रांवर डोळे झाकून विश्वास न ठेवणारे अभ्यासक दिले. सम्राट कॉन्स्टंटाइनने पश्चिमेकडील सत्ता पोपला बहाल केल्याचे सांगणारे एक दानपत्र शतकानुशतके दाखवले जात होते. १४४० मध्ये लोरेन्झो वाल्ला या इटालियन पंडिताने ते बनावट ठरवले. पुरावा भाषेचाच होता. दस्तावेज चौथ्या शतकातला म्हणवत होता, त्यातली लॅटिन मात्र बऱ्याच नंतरची होती. गंमत म्हणजे याच वाल्लाला पुढे पोपच्या दरबारात नोकरी मिळाली. विद्वत्ता तिजोरीला हात लावत नव्हती, तोवर ती चालत होती.

तो शब्द कोणता?

पश्चिम युरोपात बायबल वाचले जाई ते लॅटिनमध्ये. मत्तयाच्या शुभवर्तमानातील येशूच्या आवाहनाचा लॅटिन अनुवाद ‘प्रायश्चित्त करा’ असा वाचला जाई. मूळ ग्रीक शब्द ‘मेटानोइटे’. त्याचा अर्थ ‘मन बदला’ याच्या जवळ जाणारा. वाल्लाने हा फरक टिपला होता. डच विद्वान इरॅस्मसने १५१६ मध्ये बाझलहून नव्या कराराचा ग्रीक पाठ, स्वतःचा लॅटिन अनुवाद आणि टिपांसह छापला, तेव्हा तो युरोपभरच्या अभ्यासकांपुढे आला. हा ग्रंथ त्याने अर्पण केला होता खुद्द पोप दहावे लिओ यांना.

फरक शब्दाचा वाटतो, पण त्यावर मोठी व्यवस्था उभी होती. प्रायश्चित्त धर्मगुरूने सांगायचे, विधीने करायचे आणि पापमुक्तिपत्र घेतले की त्यात सूट मिळायची. मन बदलण्याची पावती मात्र फाडता येत नाही.

यात पैशाचा संबंध कुठे आला?

मॅग्डेबर्गचा आर्चबिशप आल्ब्रेख्त याला माइन्झचे पदही हवे होते. रोमला द्यायच्या रकमेसाठी त्याने फुगर सावकारांकडून कर्ज काढले. ते फेडण्यासाठी पापमुक्तिपत्रे विकण्याची परवानगी मिळाली. निम्मी रक्कम सेंट पीटर्स चर्चच्या बांधकामाला, निम्मी कर्जफेडीला. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी ल्यूथरने आल्ब्रेख्तला पत्र लिहिले आणि सोबत ९५ मुद्दे पाठवले. ते चर्चच्या दारावर ठोकले की नाही, याबद्दल इतिहासकारांत वाद आहे. पहिला मुद्दा मात्र याच ‘पश्चात्ताप’ शब्दाचा आहे, यात वाद नाही.

मग खरा नायक छापखानाच ना?

हा समज तपासायला हवा. गुटेनबर्गच्या काळात, १४५४-५५ मध्येच पापमुक्तिपत्रेही छापली जात होती. चेटकिणींचा शोध आणि शिक्षा यांवरचे कुप्रसिद्ध पुस्तकही १४८० च्या दशकात छापखान्यातूनच बाहेर पडले. यंत्राला सत्य-असत्य कळत नाही. ल्यूथरने १५१८ मध्ये जर्मनमध्ये लिहिलेले छोटे प्रवचन पुन्हा पुन्हा छापले गेले, १५२२ मध्ये नवा करार जर्मनमध्ये आला आणि सामान्य वाचक वादात उतरला. पण १५२५ मध्ये बंडखोर शेतकऱ्यांना निर्दयपणे चिरडा, असे सांगणारे आणि १५४३ मध्ये ज्यूंविरुद्ध विखार ओकणारे ल्यूथरचे लेखनही छापूनच पसरले. शंका घेण्याचा हक्क मागणारा माणूस स्वतःच न तपासता मानायचा अधिकार बनू लागला होता.

इरॅस्मसही निर्दोष नव्हता. ‘प्रकटीकरण’ या पुस्तकाच्या शेवटच्या काही ओळी ग्रीक हस्तलिखितात मिळाल्या नाहीत, तेव्हा त्याने त्या लॅटिनवरून उलट ग्रीकमध्ये केल्या. पण मजकूर सर्वांपुढे असल्याने पुढच्या अभ्यासकांना ती चूक पकडता आली, दुरुस्त करता आली.

मराठीचा याच्याशी काय संबंध?

धर्म लोकांच्या भाषेत सांगावा लागतो, हे दोन्ही बाजूंना उमगले. १५४० मध्ये मान्यता मिळालेल्या जेझुइट संघाने १५५६ मध्ये गोव्यात छापखाना आणला. याच संघाच्या थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. प्रोटेस्टंट बाजूने विल्यम कॅरी यांनी १८११ मध्ये श्रीरामपूरहून मराठी नवा करार छापला. त्याच गोव्यात १५६० पासून धर्मन्यायालयाचा जाचही होता, हे विसरता येत नाही. लोकभाषेतली छपाई आणि विचारांचे स्वातंत्र्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आज हे का आठवायचे?

आज प्रत्येकाच्या खिशात छापखाना आहे. त्यामुळे आपोआप प्रबोधन होईल, हा भाबडेपणा आहे. फॉरवर्ड केलेला दाखला, कापलेला व्हिडीओ, कुणाच्या तरी नावावर खपवलेले वाक्य हीसुद्धा बनावट दानपत्रेच. वेगाने पसरवण्याची सोय सोळाव्या शतकातही सर्वांनाच मिळाली होती. फरक पडला तो मूळ शब्द शोधणाऱ्यांमुळे आणि त्यांची शहानिशा पुन्हा दुसऱ्यांनी केल्यामुळे. ज्या समाजात ‘मूळ दाखवा’ असे म्हणणे हा अपमान मानला जातो, तिथे कितीही यंत्रे आली तरी पापमुक्तिपत्रांचाच धंदा तेजीत राहतो.