एका कागदाच्या जाडीची चूक

जुनी लेन्स नव्या मिररलेस कॅमेऱ्यावर चढवायची म्हटले की पहिला सल्ला ठरलेला असतो. "ॲडॅप्टरमध्ये काच कुठे असते? नुसती रिकामी नळी. मिळेल ती स्वस्तातली घ्या." असे सांगणारे बहुतेक जण अनुभवी असतात आणि त्यांच्या बोलण्याचा पूर्वार्ध खराही आहे, नळी रिकामीच असते. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मला मुळीच मान्य नाही.

प्रत्येक लेन्स तिच्या माउंटपासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचे एक नेमके अंतर धरून बनवलेली असते. एम-४२ या स्क्रू माउंटसाठी ते ४५.४६ मिमी आहे, निकॉन एफसाठी ४६.५, कॅनन ईएफसाठी ४४. सोनीच्या ई माउंटमध्ये ते अवघे १८ मिमी आहे. म्हणून एम-४२ची लेन्स सोनीवर लावायची तर मधल्या कड्याची जाडी २७.४६ मिमी भरली पाहिजे. आपण पैसे मोजतो ते या अंतराचे.

माझ्याकडे वडिलांची ५५ मिमीची सुपर-टाकुमार ही एम-४२ लेन्स आहे. तिच्यासाठी एका दुकानातून मी असाच एक ॲडॅप्टर आणला. घरातले फोटो सुंदर आले. मग एका सकाळी पर्वतीवर जाऊन सिंहगडावरच्या मनोऱ्याकडे कॅमेरा वळवला, तर तो काही केल्या स्पष्ट होईना. फोकसची रिंग शेवटपर्यंत फिरली, तरी मनोरा धूसरच. मी लेन्सला दोष दिला. बुरशी लागली असेल, आतली काच सरकली असेल. लेन्स खोलायला देण्याच्या बेतात होतो. सहज म्हणून ओळखीच्या लेथवाल्याकडे जाऊन व्हर्नियरने ॲडॅप्टर मोजला. २७.५६ मिमी भरला. वडिलांच्या लेन्सवर मी उगाच संशय घेतला होता, याचे मला आजही वाईट वाटते.

चूक ०.१ मिमीची, म्हणजे वहीच्या एका कागदाएवढी. एवढ्याने काय होते, याचा हिशेब कुणालाही करता येईल. फोकल लेंग्थचा वर्ग करा आणि त्याला या चुकीने भागा. ५० मिमीच्या लेन्सला २५०० भागिले ०.१, म्हणजे २५,००० मिमी. ॲडॅप्टर कागदभर जाड असेल, तर ही लेन्स साधारण २५ मीटरपलीकडे फोकसच करणार नाही. २० मिमीच्या वाइड लेन्सला हीच मर्यादा ४ मीटरवर येते! डोंगर टिपायला घेतलेली लेन्स खोलीतल्या समोरच्या भिंतीपलीकडे जात नाही.

यावर उत्तर मिळते, "एफ/८ वर काढा, दिसणार नाही." खरे आहे, बऱ्याचदा दिसत नाही. पण एफ/१.८ची जुनी लेन्स आपण जपतो ती उघड्या ॲपर्चरवरच्या तिच्या रूपासाठी. ते रूप सोडून द्यायचे असेल, तर तिला नव्या कॅमेऱ्यावर आणायचे कशाला?

हा धोका टाळायला काही उत्पादक ॲडॅप्टर मुद्दाम किंचित पातळ करतात. मग दूरचे सगळे फोकस होते, पण रिंगवरचे आकडे खोटे ठरतात आणि झूम लेन्स झूम करताना फोकस सोडू लागते. पातळ कड्याला निदान मधे पातळ पत्रा घालून सावरता येते. जाड कड्याला लेथवर घासण्यावाचून इलाज नाही.

दुसरा पक्ष 'मिळेल ती घ्या' म्हणणाऱ्यांच्या उलट टोकाचा. त्यांच्या मते ॲडॅप्टर म्हणजे तडजोड, दर्जा उतरणारच. ही समजूत डीएसएलआरच्या काळातून आली आहे आणि तेव्हा ती निराधार नव्हती. निकॉनच्या डीएसएलआरवर ४६.५ मिमी अंतर आधीच व्यापलेले, ४५.४६ मागणारी लेन्स तिथे बसवायला जागाच नाही. मग कड्यात दुरुस्तीची काच घालावी लागे आणि ती काच चित्र मऊ करी. पण तीच लेन्स त्याच काळात कॅननच्या डीएसएलआरवर साध्या पातळ कड्याने उत्तम चाले, कारण तिथे १.४६ मिमी मोकळे होते. आज निकॉन झेडचे अंतर १६ मिमी आहे, कॅनन आरएफचे २०. एका जोडीचा दोष सगळ्या ॲडॅप्टरांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

महाग घेतले म्हणजे प्रश्न मिटला, असेही नाही. १९८७ पासूनच्या कॅनन ईएफ लेन्सना ॲपर्चरची रिंगच नाही, त्यांना विजेचे संपर्क असलेला ॲडॅप्टर हवाच. याउलट निकॉनचा एफटीझेड ॲडॅप्टर घेऊन जुन्या एएफ-डी लेन्सकडून ऑटोफोकसची आशा धरणाऱ्याची निराशा होते. त्या लेन्सना कॅमेऱ्यातली मोटर लागते आणि एफटीझेडमध्ये ती नाही. एम-४२च्या बाबतीत आणखी एक पाहा. काही लेन्सच्या मागची पिन दाबली गेल्याशिवाय ॲपर्चर मिटत नाही. ती दाबणारी कड ॲडॅप्टरच्या आत असली पाहिजे.

दुकानात उभे असताना ॲडॅप्टरमधून आरपार उजेडाकडे पाहा. आतली भिंत चकाकत असेल, तर तो उजेड सेन्सरवर सांडून फोटो फिका पडेल. लेन्स लावून हलक्या हाताने पिळून पाहा. खडखडली तर परत द्या. शक्य असेल तर दूरच्या एखाद्या टॉवरवर, ॲपर्चर पूर्ण उघडे ठेवून एक फोटो काढा आणि स्क्रीनवर मोठा करून पाहा. दुकानदार एवढे करू देत नसेल, तर ॲडॅप्टर तिथे घेऊ नका.