'हाडांच्या चाचणी'त नेमकं काय बघतात? आणि त्यावरून १८ वर्षांची रेघ ओढता येते का?

१२ ऑक्टोबर २०२४ ला वांद्र्यात माजी मंत्री बाबा सिद्दिकी यांची गोळ्या झाडून हत्या झाली. दुसऱ्या दिवशी पकडलेल्या आरोपींना कोर्टात उभं केलं, तेव्हा एकाच्या वकिलांनी तो १७ वर्षांचा असल्याचं सांगितलं. कोर्टाने 'ऑसिफिकेशन टेस्ट' करायला सांगितली. आरोपी अल्पवयीन नाही असा अहवाल आला आणि बातमी फोनवर फिरू लागली : 'हाडांनी खोटं उघडं पाडलं.'

याआधी एप्रिल २००९ मध्ये अजमल कसाबच्या वकिलांनीही तो १७ वर्षांचा असल्याचा दावा केला होता. तेव्हाही वैद्यकीय तपासणी झाली आणि डॉक्टरांनी त्याचं वय २० च्या वर असल्याचं सांगितलं.

हाड खरंच इतकं नेमकं सांगतं का? ठाणे, कल्याण-डोंबिवलीत राहणाऱ्यांनी हा प्रश्न समजून घ्यायला हवा, कारण तो फक्त गाजलेल्या खटल्यांपुरता नाही.

आधी कमरेवर हात ठेवा

दोन्ही हात कमरेवर ठेवून उभे राहा. तळहाताखाली जी कडक कड लागते, तो खुब्याच्या हाडाचा वरचा काठ. पोटाचे आणि पार्श्वभागाचे मोठे स्नायू त्याला धरून असतात. खुर्चीत बसल्यावर टेकतात ती दोन हाडं म्हणजे बैठकीचे उंचवटे. मांडीच्या मागचे स्नायू तिथून सुरू होतात.

आपल्या सांगाड्यावर असे बरेच उंचवटे आहेत. स्नायू थेट किंवा दोरीसारख्या कंडरेने हाडाला जोडलेला असतो आणि ती ओढ पेलायला हाडाला तिथे भक्कम पकड लागते. कोपराच्या आतल्या बाजूचं टोक, गुडघ्याखालचा फुगवटा ही त्याचीच उदाहरणं.

वयाशी याचा संबंध असा. यातले बरेच उंचवटे लहानपणी मुख्य हाडाला पूर्ण जुळलेले नसतात. मध्ये कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा थर असतो. एक्स-रेमध्ये तिथे फट दिसते. वय वाढतं तसं त्या भागात हाड तयार होतं आणि शेवटी तो मुख्य हाडात मिसळून जातो. कोपराचा उंचवटा साधारण १४ ते १६ व्या वर्षी जुळतो. खुब्याच्या काठावर हाड बनायला वयात येताना सुरुवात होते आणि तो जुळायला १८-२० वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. बैठकीचे उंचवटेही विशीच्या आसपास जुळतात. मुलींमध्ये हे सगळं मुलांपेक्षा साधारण वर्ष-दोन वर्षं आधी होतं.

म्हणून मनगट, कोपर, खांदा, खुबा यांचे एक्स-रे काढतात, दात बघतात, शरीराची वाढ तपासतात आणि सगळं जुळवून वयाचा अंदाज देतात. कायद्याची रेघ १८ ला आहे. त्या वयात मनगटाची वाढ बहुधा संपत आलेली असते, त्यामुळे खुब्याचा काठ जास्त उपयोगी पडतो.

मग अडचण कुठे आहे?

हाड वाढदिवस लक्षात ठेवत नाही. ते फक्त वाढीचा टप्पा दाखवतं. आहार, दीर्घ आजार, हार्मोन यांनी तो टप्पा मागे-पुढे होतो. मनगटाच्या एक्स-रेसाठी जगभर वापरला जाणारा ग्रॉयलिख-पाइल नकाशासंग्रह अमेरिकेतल्या क्लीव्हलँड भागातल्या, १९३० च्या आसपासच्या खात्यापित्या घरच्या गोऱ्या मुलांवरून तयार झालेला आहे. वीटभट्टीवर वाढलेल्या मुलाला ते माप लावलं, तर किती बसेल?

म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच, जया माला खटल्यात म्हटलं होतं की एक्स-रेवरून काढलेल्या वयात दोन्ही बाजूंना दोन वर्षांचा फरक असू शकतो. म्हणजे 'अंदाजे १७' याचा अर्थ १५ ते १९ मधलं काहीही.

आणि एकदा सगळं जुळून गेलं की हाड जवळजवळ गप्प होतं. पुण्यातल्या १९९४ च्या हत्याकांडाचं उदाहरण बघा. फाशीची शिक्षा झालेल्या एका कैद्याची २००५ मध्ये तपासणी झाली. अहवालात वय काय होतं? २२ ते ४० च्या दरम्यान! शेवटी राजस्थानातल्या त्याच्या शाळेचं रजिस्टर कामी आलं. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. तोपर्यंत त्याने २८ वर्षं तुरुंगात काढली होती.

कायदा काय म्हणतो?

बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ९४ मध्ये क्रम स्पष्ट आहे.

१. शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र.
२. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला.
३. यातलं काहीच नसेल, तरच हाडांची किंवा इतर वैद्यकीय चाचणी. आदेशापासून १५ दिवसांत.

म्हणजे हाड हा शेवटचा साक्षीदार आहे. आणि आधार कार्ड? ऑक्टोबर २०२४ मध्ये एका अपघात भरपाईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नाही.

एकच अहवाल, दोन निकाल

खरी मेख इथे आहे. समजा अहवाल आला : 'वय १६ ते १८'. आरोपी मुलगा असेल, तर अशा काठावरच्या प्रकरणात कल त्याला बालक मानण्याकडे असावा, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे. संशयाचा फायदा आरोपीला, हे तत्त्व इथेही लागू होतं.

पण तोच अहवाल अत्याचार झालेल्या मुलीचा असेल तर? जुलै २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटलं की पॉक्सोच्या खटल्यात अहवालातलं वरचं वय धरायचं आणि त्यावर दोन वर्षांचा फरकही मोजायचा. म्हणजे १८ अधिक दोन, २०. तत्त्व तेच, फायदा पुन्हा आरोपीलाच. मुलगी मात्र कायद्याच्या नजरेत बालक राहत नाही आणि पॉक्सोचं संरक्षण हातचं जातं. हा निकाल महाराष्ट्रातल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण त्याचा दाखला इथेही दिला जाऊ शकतो.

सप्टेंबर २०२१ मध्ये डोंबिवलीतल्या १५ वर्षांच्या मुलीवरच्या सामूहिक अत्याचाराच्या प्रकरणाने सगळा महाराष्ट्र हादरला. आरोपींची संख्या ३३ वर गेली, त्यांत अल्पवयीनही होते. अशा खटल्यात १८ ची रेघ मुलीसाठीही मोजली जाते आणि आरोपींसाठीही. तिथे कागद पक्का असणं किती महत्त्वाचं, हे वेगळं सांगायला नको.

कागद कुणाकडे नसतो?

सोसायटीत राहणाऱ्या, शाळेत जाणाऱ्या मुलाची हाडं सहसा कुणी मोजत नाही. ती वेळ येते मुरबाड-शहापूरच्या वीटभट्ट्यांवर हंगामापुरत्या येणाऱ्या कातकरी कुटुंबातल्या मुलांवर, भिवंडीच्या यंत्रमागांवर काम करणाऱ्या परप्रांतीय पोरांवर, कल्याण स्टेशनवर एकट्या सापडणाऱ्या मुलांवर. जन्म घरी झालेला, शाळा अर्धवट सुटलेली.

शाळेचा कागदही नेहमी खरा असतोच असं नाही. आपल्या घरातल्या जुन्या पिढीत एक जूनला वाढदिवस असणारे किती जण आहेत, मोजून बघा! गुरुजींनी शाळेत नाव घालताना सोयीने लिहिलेली ती तारीख. तरीही कायदा त्या कागदाला हाडापेक्षा वरचं स्थान देतो, कारण तो वाद सुरू होण्याच्या आधीचा असतो.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा मुख्य पुरावा आहे. दुसरीकडे, बनावट दाखल्यांच्या तक्रारींनंतर २०२५ मध्ये राज्य सरकारने उशिरा केलेल्या जन्मनोंदणीचे नियम कडक केले. खोटे दाखले थांबायलाच हवेत. पण दाखला मिळणं जितकं अवघड होईल, तितकी जास्त मुलं एक्स-रेच्या टेबलावर पोचतील.

तुम्ही काय करू शकता?

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करा. मुलाच्या शाळेतली तारीख आणि जन्मदाखल्यावरची तारीख एकच आहे ना, हे आजच तपासा. घरकाम करणाऱ्या ताई, इमारतीचे वॉचमन, शेजारच्या बांधकामावरचे मजूर यांनाही हे सांगा.

आणि पुढच्या वेळी 'हाडांनी खोटं उघडं पाडलं' असा मेसेज आला, तर फॉरवर्ड करण्याआधी आठवा : हाड दोन-चार वर्षांचा पट्टा सांगतं. त्या पट्ट्यात रेघ कुठे ओढायची, हे माणसंच ठरवतात.