वांगावरचे ‘गोरे करणारे’ क्रीम आणि मूत्रपिंड : चाळिशीतल्या चेहऱ्याची काळजी कशी घ्यावी?

चाळिशीच्या आसपास अनेकींच्या गालांवर, कपाळावर आणि वरच्या ओठावर तपकिरी डाग दिसू लागतात. आपण त्याला वांग म्हणतो. पुरुषांनाही तो होतो, पण प्रमाण कमी असते. वांग संसर्गजन्य नाही, त्याचा कर्करोग होत नाही आणि तो ‘पोट साफ नसल्यामुळे’ही येत नाही. तरीही लग्नकार्यात कोणी ‘किती काळवंडलीस गं’ म्हणाले की तो शब्द दिवसभर टोचत राहतो. हा त्रास खरा आहे. मात्र गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात आणि केरळमध्ये जे घडले ते पाहता, वांगापेक्षा त्यावर लावले जाणारे क्रीम जास्त धोकादायक ठरते आहे.

अकोल्यात काय घडले?

अकोल्यात एकाच घरातील तिघींना, म्हणजे आई आणि दोन मुलींना, मूत्रपिंडाचा आजार झाल्याचे २०२३ मध्ये समोर आले. तिघी एकच गोरेपणाचे क्रीम वापरत होत्या. ते स्थानिक पातळीवर तयार केलेले होते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्याची तपासणी झाली तेव्हा त्यात पारा आढळला.

केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातील रुग्णांचा अभ्यास केला. मूत्रपिंडातील गाळणी बिघडवणाऱ्या एका आजाराचे २२ रुग्ण त्यांनी तपासले. त्यांपैकी १५ जणांमध्ये या आजाराचा एक विशिष्ट प्रकार आढळला आणि त्या १५ पैकी १३ जण गोरे करणारे क्रीम वापरत होते.

पारा कसा काम करतो?

त्वचेला रंग देणारे मेलॅनिन तयार होण्यासाठी एक विकर लागते. पारा त्या विकराचे काम अडवतो, म्हणून काही आठवड्यांतच चेहरा उजळ दिसतो. पण पारा त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. गाळणी बिघडली की लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. लघवीला फेस येतो, सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसते, पाय सुजतात. टॉवेल, उशी आणि हात यांच्यामार्फत तो घरातील लहान मुलांपर्यंतही पोहोचू शकतो.

कायदा आहे, मग हे क्रीम मिळते कसे?

सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० नुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत राहिलेला पाराही दशलक्षात एका भागापेक्षा जास्त चालत नाही. पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराच्या २०२३ च्या बैठकीत तर पारा घातलेली सौंदर्यप्रसाधने पूर्णपणे बंद करण्याचे ठरले. पण लेबल नसलेल्या डबीला हा नियम लावणार कोण? ती पार्लरमधून, ओळखीतून किंवा मोबाइलवरून विकली जाते. तिच्यावर ना उत्पादकाचा पत्ता असतो, ना परवाना क्रमांक.

दुसरी अडचण औषध दुकानातली आहे. स्टेरॉइड असलेली १४ प्रकारची मलमे २०१८ मध्ये शेड्यूल एच मध्ये आली. म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरीही ‘डागांवरचे मलम द्या’ म्हटले की अनेकदा तीच ट्यूब हातात पडते. देशातील १२ केंद्रांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी असलेले २,९२६ रुग्ण तपासले गेले. त्यांतील ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते आणि त्यांपैकी ३९२ जणांना दुष्परिणाम झाले होते. त्वचा पातळ होणे, लाल शिरा दिसणे, मुरमे येणे, लव वाढणे आणि मलम बंद करताच आग होणे, हे ते दुष्परिणाम.

दोन्हींच्या मुळाशी घाई आहे. वांगाचा योग्य उपचार तीन ते सहा महिने घेतो आणि ऊन लागले की डाग परत येऊ शकतात. ‘पंधरा दिवसांत फरक’ ही जाहिरात म्हणूनच मोहात पाडते. वांगाच्या बाबतीत एवढा झटपट फरक दिसला तर आनंद होण्याआधी शंका यायला हवी.

जालन्यात काय करता येईल?

वांगाला ऊन आणि उष्णता दोन्ही वाढवतात. मोसंबीच्या बागेत किंवा कापूस वेचताना दिवस काढणाऱ्यांना, चुलीपुढे बसणाऱ्यांना आणि स्टीलच्या भट्टीजवळ काम करणाऱ्यांना हा त्रास जास्त होऊ शकतो. आनुवंशिकता, गरोदरपण आणि संततिनियमनाच्या गोळ्या हीही कारणे आहेत.

- उन्हापासून बचाव : रुंद काठाची टोपी किंवा जाड सुती रुमाल वापरा. एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त असलेले सनस्क्रीन लावा आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी परत लावा. त्वचेच्या रंगाचे, आयर्न ऑक्साइड असलेले सनस्क्रीन वांगासाठी अधिक उपयोगी ठरते.
- डबी वाचा : कॅलोमेल, मर्क्युरिक, मर्क्युरस किंवा अमोनिएटेड मर्क्युरी हे शब्द म्हणजे पारा. ‘दागिन्यांना लागू देऊ नका’ ही सूचनाही संशयास्पद आहे. बीटामेथासोन, क्लोबेटासोल आणि मोमेटासोन ही स्टेरॉइडची नावे आहेत.
- वापर सुरू असेल तर : बिनलेबलचे क्रीम आजच थांबवा, पण डबी फेकू नका. ती डॉक्टरांना दाखवा. लघवीतील प्रथिनांची आणि रक्तदाबाची तपासणी करून घ्या. स्टेरॉइड अनेक महिने लावत असाल तर ते कसे थांबवायचे हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.
- कुठे जावे : नवीन जालना असो की कुंडलिकेपलीकडचे जुने जालना, आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झालेल्या राज्यातील १० शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत जालन्याचेही आहे. त्वचारोगाची ओपीडी कधी असते याची तिथे चौकशी करता येईल. संशयास्पद क्रीमची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करा.

प्रत्येक डाग वांग नसतो

मान, काख किंवा कपाळाच्या कडेला मखमलीसारखी जाड, काळसर त्वचा दिसली तर रक्तातील साखर तपासा. आकार किंवा रंग बदलणारा, रक्त येणारा तीळ लवकर दाखवा. चेहऱ्याची एक बाजू अचानक वाकडी झाली तर मात्र एक मिनिटही न दवडता रुग्णालय गाठा. तो पक्षाघात असू शकतो.

घरच्यांसाठी

क्रीमची डबी बहुतेक वेळा कोणाच्या तरी बोलण्यानंतरच घरात येते. ‘चेहऱ्याला काय झालंय?’ असे चारचौघांत विचारण्याऐवजी ‘डॉक्टरांकडे मी येऊ का सोबत?’ असे एकांतात विचारा. आरशात पाहणे टाळणे, कार्यक्रमांना न जाणे, झोप उडणे असे आठवडे चालले तर तेही डॉक्टरांना सांगा. उपचाराने वांग फिका होतो, कधी थोडा उरतो. तेवढ्यासाठी मूत्रपिंड पणाला लावण्याची गरज नाही.