परदेशी खाते नक्की कोणाचे?



पाटणकर बाजाराच्या आसपासच्या आपल्या घरांतून मुले पुण्याला, बंगलोरला आणि तेथून अमेरिका, कॅनडा, दुबईला गेली, याचा आम्हांस अभिमान आहे. पण मुलगा गेला तरी त्याचे येथील बचत खाते जसेच्या तसे चालू राहते, एटीएम कार्ड आईच्या कपाटात राहते, आणि कोणी हटकले की ठरलेले उत्तर मिळते, ‘कोण बघतंय?’ या वृत्तीला आमचा स्पष्ट विरोध आहे.

कायदा काय म्हणतो? २००० साली लागू झालेल्या फेमा कायद्यानुसार नोकरीसाठी परदेशी गेलेला माणूस अनिवासी ठरतो. २००३ पासून रिझर्व्ह बँक शिकायला गेलेल्या विद्यार्थ्यांनाही अनिवासीच धरते. अशा माणसाला आपले साधे बचत खाते एनआरओ खात्यात बदलून घ्यावे लागते. घरभाडे, लाभांश अशी येथली मिळकत त्यात जमा होते. तिकडची कमाई एनआरई खात्यात ठेवता येते आणि ती परत नेण्यास आडकाठी नसते. नियम मोडल्यास गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे.

खरी गोम संयुक्त खात्यात आहे. पासबुकावर पहिले नाव मुलाचे असेल तर ते खाते एनआरओ होते. त्याच्या व्याजावर तीस टक्के कर आणि वर उपकर कापला जातो. ज्येष्ठ नागरिक कर कापू नये म्हणून जो फॉर्म भरतात, तो तेथे चालत नाही. म्हणजे आयुष्यभराची पुंजी वडिलांची आणि कर अनिवासी मुलाच्या हिशेबाने! उलट पहिले नाव वडिलांचे आणि दुसरे मुलाचे असेल, तर खाते निवासीच राहू शकते. रिझर्व्ह बँकेने ही मुभा २०११ साली दिली आणि २०१४ साली वाढवली. अट इतकीच की मुलाने त्या खात्यात स्वतःचा व्यवहार करू नये, वडिलांसाठीच करावा.

आता ‘कोण बघतंय’चे उत्तर. परदेशी खाते म्हटले की आपल्याला स्वित्झर्लंड आठवते. पण न्यूजर्सीत राहणाऱ्या मुलासाठी लष्करातल्या बँकेतले खाते हेच परदेशी खाते! अमेरिकेबाहेरच्या त्याच्या सर्व खात्यांची बेरीज वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तरी ती तेथील सरकारला कळवावी लागते. वडिलांच्या खात्यात त्याचे दुसरे नाव असले तरी ते खाते या बेरजेत धरले जाते. जुलै २०१५ मध्ये भारत-अमेरिका करार झाला, त्यानुसार येथील बँकांकडून अशा खात्यांची माहिती तिकडे जाते. २०१७ पासून इतर अनेक देशांशीही देवाणघेवाण सुरू आहे. तेव्हा बघणारे आहेत. गाफील आपणच आहोत.

दोष केवळ घरच्यांचा नाही. आम्ही बँकेच्या काउंटरच्या आत बसतो, म्हणून ठामपणे सांगतो. ठेव आणायची असली की साहेब घरी चहाला येतात. तेच सत्तर वर्षांच्या मावशी खात्याचे विचारायला आल्या, की त्यांना ‘मुलाला पाठवा’ म्हणून वाटेला लावले जाते. मुलगा सातासमुद्रापार! २०२४ साली परदेशस्थ भारतीयांनी १२९ अब्ज डॉलर मायदेशी पाठवले, असा जागतिक बँकेचा अंदाज आहे. या आकड्याचे कौतुक दिल्लीत होते, पण तो पैसा ज्यांच्या दारी येतो त्या म्हाताऱ्यांना साधा एक हिंदी माहितीचा कागद मिळत नाही.

ग्वाल्हेरकरांना तरी हे वेगळे सांगायला नको. १८८६ साली जयाजीराव महाराज गेले, तेव्हा युवराज माधवराव अवघे नऊ वर्षांचे होते आणि किल्ल्यातल्या गंगाजळीची वाट त्यांना सांगायची राहून गेली, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. आपल्या घरोघरी हीच गंगाजळी आहे. मुलाचे तिकडचे खाते आईबापांना ठाऊक नाही, आईबापांची ठेव मुलाला ठाऊक नाही. दहा वर्षे कोणी हात न लावलेली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. ती वारसाला परत मिळू शकते, पण मागण्यासाठी आधी ठाऊक तर हवी!

म्हणून आमच्या मागण्या अशा. प्रत्येक शाखेत अनिवासी खात्यांची माहिती हिंदीत लावावी. ज्येष्ठांसाठी आठवड्यातला एक ठराविक दिवस राखावा. आपल्या मंडळाने हे निवेदन बँकांना द्यावेच, शिवाय खासदारांनाही द्यावे, आणि मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला याचा जाब विचारावा.

आणि बांधवहो, मागण्या मान्य होईपर्यंत थांबू नका. आजच पासबुक काढा. पहिले नाव कोणाचे आहे ते बघा, नॉमिनीचे नाव घातले आहे का ते बघा, आणि रविवारी मुलाचा फोन आला की हवापाण्याच्या आधी हे बोला.